यंत्राच्या आयुष्याची दोरी

रात्रीच्या निवांत वेळीं दूरच्या रस्त्यानें जाणाऱ्या बैलगाडीचें कुरकुरणें ज्यानें ऐकलें आहे, त्यास वंगणाचें महत्त्व पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. आंस आणि चाकाचा तुंबा ह्यांच्यामध्यें तेलाचा बोळा फिरला कीं तो आवाज थांबतो आणि बैलांची ओढहि हलकी होते. एकावर एक घासणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्यें कांहीं स्निग्ध पदार्थ असला म्हणजे दोहोंची झीज कमी होते, हें ज्ञान मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. इजिप्तांत देर एल्-बर्शा येथें जेहुतीहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याची सुमारें ३,९०० वर्षांपूर्वींची कबर आहे. तिच्या भिंतीवरील चित्रांत १७२ माणसें दोर धरून एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढीत आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशीं उभा असलेला एक मनुष्य घसरगाडीच्या पुढें घागरींतून कांहीं द्रव ओतीत आहे. हा केवळ धार्मिक विधि असावा असें पुष्कळांचें मत होतें. परंतु वाळू योग्य प्रमाणांत ओली केली असतां तीवरून ओझें ओढण्यास लागणारें बळ जवळजवळ निम्में होतें, असें ॲम्स्टरडॅम विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रयोगानें दाखविलें. १७२ जणांचे श्रम निम्म्यावर आणणारा तो एकटा मनुष्य हा वंगणवाल्यांचा मूळ पुरुषच म्हणावा लागेल.

वंगण घालावें, हें अशा रीतीनें मनुष्यास फार लवकर कळलें. पण वंगण काम करतें तें कसें, चांगलें वंगण कोणतें, आणि घातलेलें वंगण बदलावें केव्हां, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. कांहींचीं तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिळालीं नाहींत. ह्या तिन्ही प्रश्नांत मनुष्याच्या डोळ्यांनीं व बोटांनीं त्यास वारंवार फसविलें. तेल दाट लागलें कीं तें चांगलें, स्वच्छ दिसलें कीं तें शुद्ध, आणि काळें पडलें कीं तें वाईट, ह्या समजुती घरोघर होत्या व आजहि आहेत. वंगणाचा इतिहास हा मुख्यतः अशा समजुती एकामागून एक सोडून देण्याचा इतिहास आहे.

वाफेचीं इंजिनें सुरू झालीं तेव्हां त्यांच्यासाठीं जें वंगण वापरलें जाई तें सारें प्राण्यांपासून किंवा वनस्पतींपासून मिळे. गुरांची चरबी, डुकराची चरबी, देवमाशाचें तेल, ऑलिव्हचें तेल हे त्या काळचे पदार्थ. थंड आंसावर त्यांचें काम ठीक चाले. परंतु इंजिनाच्या सिलिंडरांत तप्त वाफेशीं चरबीची गांठ पडली कीं ती विघटन पावे, तिच्यापासून अम्ल निर्माण होई आणि तें अम्ल लोखंडच खाऊं लागे. ज्यानें यंत्राचें रक्षण करावयाचें तेंच यंत्राचा घात करी.

ह्या अडचणींतून सुटका झाली ती खनिज तेलामुळें. २७ ऑगस्ट १८५९ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत टायटसव्हिल येथें एड्विन ड्रेक ह्यानें खणलेल्या, सुमारें ६९ फूट खोलीच्या विहिरींत तेल लागलें. त्या वेळीं ह्या तेलाकडे सर्वांची दृष्टि दिव्यांसाठीं होती. त्यांतून रॉकेल काढून घ्यावें आणि उरलेला दाट काळा भाग टाकून द्यावा, अशी रीत पडली. जॉन एलिस नांवाच्या एका डॉक्टरनें ह्या तेलांत कांहीं औषधी गुण आहे कीं काय हें पाहण्यासाठीं प्रयोग आरंभिले. औषध त्यास मिळालें नाहीं. पण वाफेच्या उष्णतेंतहि हें तेल चरबीप्रमाणें नासत नाहीं, हें त्याच्या लक्षांत आलें. १८६६ सालीं त्यानें न्यूयॉर्क संस्थानांत बिंगहॅम्टन येथें वंगणाचा कारखाना काढला. पुढें १८७३ सालीं त्याच्या तेलास ‘व्हॅल्व्होलिन’ हें नांव मिळालें. त्याच १८६६ सालीं रॉचेस्टर येथें मॅथ्यू युइंग व हायरम एव्हरेस्ट ह्यांनीं निर्वात भांड्यांत तेल ऊर्ध्वपातित करण्याची कृति शोधली. त्यांस अधिक रॉकेल पाहिजे होतें. तें कांहीं मिळालें नाहीं, पण भांड्यांत मागें राहिलेलें जड तेल वंगणास उत्कृष्ट ठरलें. हवेचा दाब काढून घेतला म्हणजे जड तेलहि कमी उष्णतेवर उकळतें व करपत नाहीं, हें ह्या कृतीचें मर्म होय. मुंबईजवळ तुर्भें येथील तेलशुद्धीच्या कारखान्यांत वंगणाचें तेल आज ज्या मनोऱ्यांतून निघतें, त्यांचेंहि तत्त्व हेंच आहे.

तेल चांगलें मिळालें, तरी तें घालण्याचा प्रश्न शिल्लक होताच. आगगाडीचें इंजिन कांहीं मैल धांवलें कीं थांबवावें लागे, आणि मग तेलाची झारी घेऊन एक मनुष्य त्याच्या प्रत्येक सांध्यापाशीं जाई. मिशिगन सेंट्रल रेल्वेवर हें काम एलायजा मॅकॉय नांवाचा एक तरुण करीत असे. त्याचे आईबाप केंटकी संस्थानांतील गुलामगिरींतून पळून कॅनडांत आलेले होते. मुलाची बुद्धि ओळखून त्यांनीं त्यास पंधराव्या वर्षीं यंत्रविद्या शिकण्यासाठीं स्कॉटलंडांत एडिंबरो येथें पाठविलें. तो शिकून परत आला. पण काळ्या वर्णाच्या मनुष्यास एंजिनियरची जागा द्यावयास कोणी तयार होईना. भट्टींत कोळसा टाकण्याचें व यंत्रास तेल घालण्याचें काम तेवढें त्याच्या वांट्यास आलें. त्या कामांतूनच त्यानें असें एक पात्र तयार केलें कीं, इंजिन चालू असतांनाच वाफेच्या दाबानें त्यांतील तेल थेंबाथेंबानें योग्य जागीं जावें. १८७२ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. १९२९ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या नांवावर पन्नासांहून अधिक पेटंटें जमा होतीं. त्याच्या ह्या पात्रापासून गाडीचें थांबणें कमी झालें, आणि वंगण हें अधूनमधून करावयाचें काम नसून अखंड चालणारी क्रिया आहे, ही कल्पना यंत्रशास्त्रांत रुजली.

तथापि तेल नेमकें करतें तरी काय, हें अद्याप कोणासच ठाऊक नव्हतें. त्याचा उलगडा झाला तो एका भोंकामुळें. १८८३ सालीं लंडनच्या यांत्रिक एंजिनियरांच्या संस्थेसाठीं बोशाँ टॉवर हा आगगाडीच्या आंसासारख्या फिरत्या दांड्यावर प्रयोग करीत होता. दांड्याचा खालचा भाग तेलांत बुडत असे व वरून पितळी बेअरिंगचा भार त्यावर पडे. वरूनहि तेल घालतां यावें म्हणून त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. दांडा फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं उलट बाहेर येऊं लागलें. त्यानें तेथें बूच बसविलें; तें उडालें. लांकडाची खुंटी ठोकली. तीहि बाहेर फेंकली गेली. अखेरीस त्यानें दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंत दाब दाखविणारें मापक जोडलें, तर त्याचा कांटा शेवटच्या आंकड्याच्याहि पलीकडे गेला. बेअरिंगवरील भाराची सरासरी मात्र दर चौरस इंचास सुमारें १०० पौंडच होती. ह्याचा अर्थ असा कीं, दांडा व पितळ एकमेकांस मुळीं टेंकतच नव्हते. फिरणाऱ्या दांड्यानेंच तेल ओढून आपल्या व पितळेच्या मध्यें घेतलें होतें, आणि त्या तेलाच्या पातळ थरावर सारा भार तरंगत होता.

मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यानें १८८६ सालीं ह्या घटनेचें गणित मांडलें. दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यभागीं नसून किंचित् एका बाजूस असतो. त्यामुळें दोहोंमधील फट निमुळती होत जाते. दांड्यास चिकटून आलेलें तेल त्या निमुळत्या फटींत पाचरीसारखें घुसतें व भार उचलून धरतें. ओल्या शहाबादी फरशीवर जोरानें पाऊल टाकणारास जो अनुभव येतो, त्यांतहि ह्या पाचरीचा भाग असतो. ह्या पाचरीस तीन गोष्टी लागतात : वेग, योग्य दाटपणा आणि तेलाचा अखंड पुरवठा. यंत्र सुरू होतांना वेग नसतो व तेलहि खालीं उतरलेलें असतें. म्हणून यंत्र सुरू होण्याच्या क्षणीं झीज विशेष होते. दाटपणा फार कमी असेल तर थर फाटतो. फार अधिक असेल तर तेल वेळेवर पोंचत नाहीं, आणि तें घुसळण्यांतच शक्ति फुकट जाते. तेव्हां दाट तेल तेंच चांगलें, ही पहिली समजूत येथेंच खोटी ठरली.

मोटारी आल्या त्या ह्या ज्ञानाच्या मागोमाग. परंतु आरंभीच्या मोटारींत त्याचा उपयोग बेताचाच केलेला आढळतो. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत तेलाचा पंपहि नव्हता आणि गाळणीहि नव्हती. फिरत्या भागांनीं तळांतील तेल उडवावें व त्याच्या शिंतोड्यांनीं सर्वांचें भागावें, अशी ती योजना होती. विमानांचें दुखणें आणखी निराळें होतें. फ्रान्सांत सेगँ बंधूंनीं बनविलेल्या ‘नोम’ इंजिनाचे सिलिंडर पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरत, आणि पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटांतूनच त्यांच्याकडे जाई. साध्या खनिज तेलांत पेट्रोल मिसळून तें पातळ होई. एरंडेल मात्र पेट्रोलमध्यें सहजासहजीं विरघळत नाहीं, व उष्णतेंतहि धातूस घट्ट धरून राहतें. म्हणून पहिल्या महायुद्धांतील पुष्कळशीं विमानें एरंडेलावर उडालीं. वापरलेलें एरंडेल परत न येतां बाहेर फेंकलें जाई, आणि त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर येत. त्याचा जो परिणाम पोटावर होई तो आपल्याकडील आजीबाईंस समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. हिंदुस्थान हा त्या काळीं एरंडीचा जगांतील एक प्रमुख पुरवठादार होता, व आज तर भारत हाच तिचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. युद्धाची मागणी इतकी वाढली कीं, १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या फ्लॉरिडा संस्थानांत एरंडीची मुद्दाम लागवड करविली. इंग्लंडांत चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीनें १९०९ सालीं काढलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ तेलाचें नांवहि एरंडीच्या ‘कॅस्टर’ ह्या इंग्रजी नांवावरूनच पडलें. परंतु एरंडेलाचा दोष हा कीं, उष्णतेंत हवेशीं संयोग होऊन तें चिकट होतें व त्याची राळ जमते. थोड्या तासांनीं सर्व इंजिन उकलून साफ करणाऱ्या विमानदळास तें परवडलें. वर्षानुवर्षें चालणाऱ्या मोटारीस परवडण्यासारखें नव्हतें.

मोटारीचा खरा शत्रु मळ हा होता. हा मळ तीन वाटांनीं येतो. रस्त्यावरील धूळ हवेबरोबर आंत शिरते. धातूची जी थोडी झीज होते तिचे कण तेलांत मिसळतात. आणि तिसरी वाट जळणाऱ्या पेट्रोलचीच आहे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यापासून सुमारें एक लिटर पाणी तयार होतें, ही गोष्ट पुष्कळांस आश्चर्याची वाटेल. त्यांतील बहुतेक वाफ होऊन धुराबरोबर निघून जातें; पण इंजिन थंड असतांना त्याचा कांहीं अंश, काजळी व न जळलेलें पेट्रोल ह्यांसह पिस्टनच्या कड्यांवरून निसटून तळाच्या तेलांत उतरतो. तेथें त्याचा गाळ होतो व अम्लहि बनतें. म्हणून ‘मॉडेल टी’च्या मालकांस कंपनीची सूचना अशी असे कीं, नव्या गाडीचें तेल ४०० मैलांनंतर व पुढें दर ७५० मैलांनीं काढून टाकावें. म्हणजे आजच्या हिशेबानें मुंबईहून नागपुरास जाऊन परत निघालें कीं वाटेंतच तेल बदलण्याची पाळी येई.

ह्यावर पहिला उपाय गाळणीचा निघाला. १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कॅलिफोर्नियांतील अर्नेस्ट स्वीटलंड ह्यानें मोटारीच्या तेलासाठीं गाळणी तयार केली, आणि १९२४ सालच्या नव्या क्रायस्लर गाडीवर ती बसविलेली होती. आरंभींच्या गाळणींतून सगळें तेल जात नसे. पंपाकडून निघालेल्या तेलाचा लहानसा भाग तेवढा गाळून परत तळांत सोडला जाई, व बाकीचें तेल तसेंच बेअरिंगांकडे जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून पुढें सर्वच्या सर्व तेल गाळून मग इंजिनास देण्याची पद्धत रूढ होत गेली. १९५४ सालापासून डब्यासारखी फिरवून बसविण्याची व फिरवून काढून टाकण्याची गाळणी निघाली. गॅरेजांत आज जो ‘ऑइल फिल्टर’ मिळतो तो बहुधा ह्याच जातीचा असतो. अशा फिल्टरमध्यें एक झडप असते. कागद मळानें तुंबला तर ती उघडते व तेल न गाळतांच पुढें जाऊं देते. कारण कोरडें राहण्यापेक्षां मळकें तेल मिळालेलें इंजिनास बरें. ह्यावरून, तेल बदलून फिल्टर जुनाच ठेवणें ही काटकसर किती फसवी आहे हें ध्यानांत येईल. झडप उघडल्याची वर्दी कोणी देत नाहीं.

गाळणी सर्व मळ अडवूं शकत नाहीं. काजळीचे अत्यंत सूक्ष्म कण तिच्यांतून आरपार जातात. हें उघड झालें तें डिझेल इंजिनांत. १९३१ सालीं अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर काढला. त्यांत उत्तमांतील उत्तम म्हणून नांवाजलेलीं शुद्ध तेलें घातलीं, तरी पिस्टनच्या कड्या राळेनें खांचांत घट्ट चिकटून बसूं लागल्या. तेल शुद्ध होतें हेंच त्याचें अपुरेपण होतें. शुद्ध तेलास मळ धरून ठेवतां येत नाहीं. तो जेथें गरम जागा सांपडेल तेथें जाऊन बसतो. १९३५ सालच्या सुमारास तेलांत ॲल्युमिनियमचा एक साबणवजा क्षार मिसळण्याचा उपाय कॅलिफोर्नियांत निघाला, आणि कड्या मोकळ्या राहूं लागल्या. कपड्यांचा मळ साबणानें जसा सुटून पाण्यांत येतो, तसा इंजिनाचा मळ सुटून तेलांत येऊं लागला व तेथेंच विखुरलेला राहूं लागला.

परिणाम असा झाला कीं तेल लवकर काळें दिसूं लागलें, आणि कित्येक मालकांनीं तें वाईट म्हणून नांवें ठेवलीं. वस्तुतः काळें पडणें हीच त्याच्या कामाची पावती होती. जें तेल पुष्कळ दिवस चालूनहि सोन्यासारखें पिवळें राहतें, त्यानें मळ कोठें ठेवला, हा प्रश्न खरा विचारावयास हवा. अर्थात् जन्मभर साध्या तेलावर चाललेल्या जुन्या इंजिनांत असें तेल एकदम घातलें तर वर्षानुवर्षें सांचलेला गाळ सुटून तेलाच्या वाटा बंद होण्याची भीति असे. म्हणून त्या काळच्या कारागिरांचा विरोध अगदींच निराधार नव्हता. पुढें १९४० नंतरच्या दशकांत जस्त, स्फुरद व गंधक ह्यांचें एक संयुग तेलांत येऊं लागलें. जेथें दाब इतका असतो कीं तेलाचा थर फाटतो, तेथें हें संयुग धातूच्या पृष्ठावर संरक्षक पापुद्रा तयार करतें; शिवाय तेलाचा हवेशीं होणारा संयोगहि तें लांबवितें.

आतां तेल चांगलें कोणतें, हें ओळखावें कसें ? अमेरिकेंतील मोटार एंजिनियरांच्या संस्थेनें, म्हणजे एस. ए. ई. हिनें, १९११ सालीं तेलांस आंकडे दिले. हे आंकडे केवळ दाटपणाचे आहेत. ३० पेक्षां ४० चें तेल दाट, एवढाच त्यांचा अर्थ, अधिक चांगलें असा नव्हे. १९५२ सालीं थंडींतील वाहतेपणा दाखविणारीं ‘डब्ल्यू’ अक्षराचीं दर्जे-चिन्हें ह्या पद्धतींत आलीं, व त्याच सुमारास थंडींत पातळ आणि उष्णतेंतहि पुरेसें दाट राहणारें तेल बाजारांत आलें. डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ असें जें लिहिलेलें असतें तें हेंच. गुणाची परीक्षा निराळी आहे. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनें १९४७ सालीं प्रथम तेलांचे तीन वर्ग केले : साधें, हवेच्या संयोगास विरोध करणारें, आणि मलशोधक द्रव्यांनीं युक्त असें कष्टाच्या कामाचें. पुढें वर्गाच्या खुणा बदलल्या. आज पेट्रोलच्या इंजिनांसाठीं ‘एस’ अक्षरानें व डिझेलच्या इंजिनांसाठीं ‘सी’ अक्षरानें आरंभ होणाऱ्या जोडाक्षरांनीं तेलाचा वर्ग कळतो, आणि ‘एस’च्या पुढचें अक्षर जितकें पुढचें तितकें तेल नव्या कसोटीस उतरलेलें असतें. ह्या वर्गांतील अगदीं पहिलें, म्हणजे ‘एस. ए.’ तेल १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांस अयोग्य म्हणून सांगितलेलें आहे. तरी दिसावयास तें इतरांइतकेंच स्वच्छ व सुंदर असतें.

शेवटचा प्रश्न तेल बदलण्याच्या मुदतीचा. तेल कधीं झिजत नाहीं, तें फक्त मळतें, असें एके काळीं आग्रहानें सांगितलें जाई. त्यांत अर्धें सत्य होतें. तेलाचा पुष्कळसा मूळ अंश शाबूत राहतो, म्हणूनच वापरलेलें तेल शुद्ध करून पुनः उपयोगांत आणतां येतें. तें गटारांत ओतणें हा पाण्याचा व धनाचा दुहेरी नाश आहे. परंतु मळ धरून ठेवणारीं व अम्ल मारणारीं द्रव्यें मात्र काम करतां करतां संपत जातात. तीं संपलीं म्हणजे तेल डोळ्यांस पूर्वींसारखेंच दिसतें. पण त्याचा पहारा उठलेला असतो. ७५० मैलांची मुदत हळूहळू वाढत अमेरिकेंत ३,००० मैलांवर आली व पुष्कळ वर्षें तेथें टिकली. आज अनेक मोटारींस १०,००० कि.मी. किंवा एक वर्ष, ह्यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मुदत दिलेली असते. ही वाढ तेलाच्या, गाळणीच्या आणि यंत्राच्या घडणींतील सुधारणेनें मिळविलेली आहे.

ह्यांतील ‘एक वर्ष’ ह्या शब्दांकडे मात्र मालकांचें दुर्लक्ष होतें. एक गाडी दर आठवड्यास मुंबईहून नाशिकास जाऊन येते. दुसरी रोज घरापासून शाळेपर्यंत दोन मैल जाते व थंड होते. मैलांच्या हिशेबानें दुसऱ्या गाडीचें तेल नवें वाटेल. परंतु तिचें इंजिन कधींच पुरतें तापत नसल्यामुळें तेलांत उतरलेलें पाणी व पेट्रोल उडून जात नाहीं, आणि कमी चाललेल्या गाडीचेंच तेल आधीं बिघडतें. धुळीचा रस्ता, जड ओझें, तासन् तास खोळंबणारी शहरांतील रहदारी ह्यांचीहि गोष्ट अशीच आहे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला दाटपणा, सांगितलेला वर्ग आणि कष्टाच्या वापरासाठीं सांगितलेली कमी मुदत, ह्या तीन गोष्टी पाळणें हेंच शहाणपणाचें. त्यांपेक्षां महाग तेल घेऊन तें दुप्पट काळ ठेवण्यांत लाभ नाहीं.

बैलगाडी कुरकुरून आपलें दुखणें वेळेवर सांगत असे, आणि गाडीवान उतरून तेलाचा बोळा फिरवी. मोटारीचें इंजिन तसें सांगत नाहीं. त्याचा आवाज मालकाच्या कानीं येतो तेव्हां बेअरिंगचा धातु जाऊन चुकलेला असतो, आणि कांहीं लिटर तेलाच्या किंमतीऐवजीं साऱ्या इंजिनाची किंमत मोजावी लागते.